एका कोचच्या आठवणी जमवताना राहून गेलेली सही

१६ ऑगस्ट २०२४ ला ग्रंथालयातून शेवटच्या फाइलची पोच आली आणि दोन वर्षांहून जास्त चाललेलं एक काम संपलं. आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे जुने कोच हेडन फ्राय यांच्याबद्दल बारा चाहत्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, लिहून काढायच्या आणि कायम जतन होतील अशा जागी ठेवायच्या, एवढंच ते काम. सुरुवात केली तेव्हा रेकॉर्डर कुठला घ्यायचा इथपासून मला काहीच माहीत नव्हतं. गावातल्या वस्तादांबद्दल, शाळेतल्या एखाद्या मास्तरांबद्दल जुन्या माणसांकडून ऐकून ठेवावं असं आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मनात असतं. ते कसं करतात, कुठे अडतं, किती पैसे लागतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहितेय.

मी मूळची अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेची. २००४ पासून आयोवातल्या कोरलविल गावात राहते. आयोवा सिटी अगदी लागून आहे. मराठी वाचकांना आयोवा सिटी माहीत असते ती तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमामुळे. इथल्या माणसाला विचाराल तर तो आधी विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाचं, किनिक स्टेडियमचं नाव घेईल. या राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच घरचा संघ. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकेतलं, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं.

फ्राय १९७९ साली टेक्सासहून इथे आले. त्याआधी सलग सतरा हंगाम असे गेले होते की एकाही वर्षी संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नव्हते. त्यांनी गणवेश बदलला, हेल्मेटवर नवं ससाण्याचं चिन्ह आणलं, खेळाडूंना एकमेकांचे हात धरून घोळक्याने मैदानात यायला लावलं. ते मानसशास्त्र शिकलेले होते. पाहुण्या संघाच्या खोलीला त्यांनी गुलाबी रंग दिला, म्हणजे समोरचा गडी थंडावेल. तिसऱ्याच हंगामात संघ रोझ बोलला, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच्या मानाच्या सामन्याला पोचला. वीस हंगामांत १४३ विजय, ८९ पराभव, ६ बरोबरी. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद तीनदा. १९९८ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले कर्क फेरेन्झ त्या गादीवर बसले. कोरलविलच्या मोठ्या रस्त्याला आज फ्राय यांचं नाव आहे. आकडे कुठेही मिळतात. जे कुठेच मिळत नाही, त्यासाठी मी या कामात पडले.

१७ डिसेंबर २०१९, मंगळवार. फ्राय नव्वदाव्या वर्षी टेक्सासमध्ये वारले. बातमी आली तेव्हा मी अंगणातला बर्फ ओढत होते. शेजारचे आजोबा बाहेर आले आणि दाराजवळच्या संघाच्या काळ्या-पिवळ्या झेंड्याला काळी फीत बांधायला लागले. (इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मला ते वयाने मोठ्या माणसांच्या बाबतीत शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांचं नाव इथे देत नाही, तसं घरच्यांशी ठरलं आहे.) त्यांच्या बोटांना गाठ बसेना म्हणून मी गेले आणि बांधून दिली. ते म्हणाले, "मी त्या माणसाला आयुष्यात एकदाही भेटलो नाही." आणि रडायला लागले. मळक्या शेतकरी कोटातला ऐंशी ओलांडलेला माणूस. मला काही सुचेना, मी नुसती उभी राहिले.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर ज्याचे वडील घडले, त्याला वस्ताद म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण वस्तादाने निदान तुमच्या पाठीवर थाप मारलेली असते. न भेटलेल्या माणसासाठी हे असं रडणं मला समजून घ्यायचं होतं.

मग करोना आला. मार्च २०२२ मध्ये आजोबांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण शब्द सापडायला वेळ लागायला लागला. आता थांबून चालणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

एप्रिलमध्ये मी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास कक्षात गेले. तिथल्या बाईंनी पाऊण तास दिला आणि दोन कागद हातात ठेवले. पहिलं संमतीपत्र: मी रेकॉर्डिंगला तयार आहे, मला कधीही थांबता येईल. दुसरं दानपत्र, आणि खरं महत्त्व त्याला आहे. माणूस जे बोलतो त्या बोलण्यावर हक्क बोलणाऱ्याचा असतो. रेकॉर्डर तुमचा, मेहनत तुमची, पण शब्द त्याचे. तो हक्क त्याने लेखी दिल्याशिवाय कुठलंही ग्रंथालय ती फाइल लोकांसाठी खुली करत नाही. "मुलाखत संपली की त्याच टेबलावर सही घ्या," बाई दोनदा म्हणाल्या. मी वहीत लिहूनही घेतलं.

कुणीतरी घाबरवलं होतं की माणसांवरच्या संशोधनाला विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते. मी ईमेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं: तुम्ही विद्यापीठाच्या कुणी नाही, तेव्हा प्रश्नच येत नाही, शिवाय जानेवारी २०१९ पासून लागू असलेल्या सुधारित केंद्रीय नियमांनुसार मौखिक इतिहास 'संशोधन' या व्याख्येत बसत नाही. ते उत्तर छापून फाइलला लावून ठेवलं. पुढे दोनदा कामाला आलं.

खर्चाचं एकदाच सांगते. हातात मावणारा रेकॉर्डर ११० डॉलर, कॉलरला लावायचे दोन माइक ७०, दोन मेमरी कार्डं २४, दोन हार्ड डिस्क १२० (एक घरी, एक मैत्रिणीकडे, दोन्ही एकाच घरात ठेवू नका), छपाई आणि टपाल ४६, बोलणं आपोआप लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरची चार महिन्यांची वर्गणी ६८, पेट्रोल २१० च्या आसपास. एकूण ६४८ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५४ हजार रुपये. भारतात फोनवर रेकॉर्ड केलंत तरी चालेल, पण कॉलरचा माइक घ्याच. आवाजाची फाइल एमपीथ्री नको, वेव्ह ठेवा. मोठी होते, पण जतन करणाऱ्यांना तीच लागते.

सव्वीस जणांना विचारलं, पंधरा जण हो म्हणाले, बारा जणांचं पूर्ण झालं. नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण एकच होतं: "मी काय सांगणार, मी साधा बघणारा माणूस." हे कारण मला पुढेही फार भेटलं. यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं, की मला बघणाऱ्याचीच गोष्ट हवी आहे.

पहिली मुलाखत आजोबांचीच ठरवली. १३ सप्टेंबर २०२२, मंगळवार. (हंगाम सुरू झाला की शनिवारी कुणालाही मुलाखत मागू नका. मंगळवार-बुधवार बरे.) त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. सत्तेचाळीस मिनिटं बोलले. घरी येऊन ऐकलं तर सगळ्या बोलण्याखाली फ्रिजची घरघर. शब्द कळत होते, पण त्यांचा आवाज मुळातच हलका, तो त्या घरघरीत बुडत होता. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना बोलून दमायला व्हायचं आणि ते दमणं मी वाया घालवलं होतं. नंतर ग्रंथालयातल्या बाईंनी युक्ती सांगितली: मुलाखतीपुरता फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. म्हणजे निघताना किल्ली शोधताना फ्रिज पुन्हा चालू करायचा राहत नाही.

पहिल्या बैठकीतली दुसरी चूक प्रश्नांची. मी विचारलं होतं, "फ्राय कसे होते?" उत्तर आलं ते वर्तमानपत्रातलं: पांढरी पँट, काळा गॉगल, मिशी, टेक्सासचं बोलणं. सगळं खरं, पण ते सगळ्यांनाच माहीत आहे. २७ सप्टेंबरला पुन्हा बसलो तेव्हा प्रश्न बदलला. "मिशिगनच्या त्या सामन्याच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" कोण कसा होता हे विचारलं की माणूस मत देतो. तू कुठे होतास हे विचारलं की तो तिथे जाऊन उभा राहतो. पुढच्या अकराही मुलाखती मी याच प्रश्नाने सुरू केल्या.

तो सामना १९ ऑक्टोबर १९८५ चा. आयोवा देशात पहिल्या क्रमांकावर, मिशिगन दुसऱ्या. किनिकवर सामना. मिशिगन १०–९ ने पुढे, दोन सेकंद शिल्लक, आणि रॉब हाउटलिनने २९ यार्डांवरून चेंडू दोन खांबांच्या मधून मारला. १२–१०. आयोवाचे बाराही गुण त्याच्या एकट्याच्या पायाने आले होते. या सामन्याला आपण हजर होतो असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. आजोबा म्हणाले, "मी नव्हतो."

ते मशिनशेडमध्ये होते. सोयाबीनचं पीक अजून शेतात उभं आणि कंबाइनचा एक पट्टा तुटलेला. डेमॉइन शहरातल्या डब्ल्यूएचओ नावाच्या रेडिओ केंद्रावर जिम झेबल सामना सांगत होते. झेबलची लकब अशी की संघ जिंकला की ऐकणाऱ्यांना म्हणायचे, रेडिओला मिठी मारा, पापा घ्या. आजोबांनी शेवटच्या दोन सेकंदांसाठी पाना खाली ठेवला. "एकटाच होतो," ते म्हणाले. "आजूबाजूला कुणी नाही. मी खरंच त्या रेडिओला मिठी मारली. ग्रीस लागलं त्याला."

मग बराच वेळ गप्प. मध्ये बोलायचं नाही हे मी शिकले होते, म्हणून थांबले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं रेकॉर्डिंगमध्ये. एकोणीस सेकंदांनी ते म्हणाले, "त्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं होतं."

हे इथे थोडं सविस्तर सांगायला हवं. सत्तरच्या दशकात आयोवातल्या शेतकऱ्यांना बँकांनी बोलावून बोलावून कर्जं दिली. जमिनीचे भाव चढत होते, त्या जमिनीवर आणखी कर्ज, त्यातून आणखी जमीन. मग व्याजाचे दर भडकले आणि मालाचे भाव पडले. राज्यात सरासरी एकराचा भाव १९८१ मध्ये २,१४७ डॉलर होता, तो १९८६ मध्ये ७८७ वर आला. कर्ज मात्र जुन्याच भावाचं. ९ डिसेंबर १९८५ ला, म्हणजे त्या सामन्यानंतर दोन महिन्यांच्या आत, आयोवा सिटीच्या दक्षिणेला हिल्स नावाच्या छोट्या गावाच्या परिसरात एका कर्जबाजारी शेतकऱ्याने बायकोला, बँकेच्या अध्यक्षाला आणि एका शेजाऱ्याला गोळी घातली आणि मग स्वतःला. आजोबांचं शेत तिथून फार लांब नव्हतं.

त्याच १९८५ च्या हंगामात फ्राय यांनी आपल्या खेळाडूंच्या हेल्मेटवर एक छोटं गोल स्टिकर लावलं. तीन अक्षरं: एएनएफ. अमेरिकेला शेतकऱ्यांची गरज आहे, असा त्याचा अर्थ. संघ देशात पहिला होता, प्रत्येक कॅमेरा त्या हेल्मेटवर होता, आणि कोचने ती जागा शेतकऱ्यांना दिली. ते स्टिकर आजही हेल्मेटवर आहे.

"बँकेत मान खाली घालून जायचो," आजोबा म्हणाले. "चर्चमध्येसुद्धा शेजारचा माणूस विचारायचा नाही, कारण विचारलं तर त्यालाही सांगावं लागलं असतं. आणि टीव्हीवर ती पोरं आमचं नाव डोक्यावर घेऊन धावत होती." १९८६ च्या वसंतात त्यांनी अर्धी जमीन लिलावात घालवली.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे पण हे असतं ना?" मुलाखत घेणाऱ्याने आपलं बोलायचं नसतं. पण मी बोलले. धामणगावकडचं सोयाबीन आणि कापूस, सावकार, सोसायटीचं कर्ज, माझ्या काकांच्या घरी एका पोळ्यानंतर आलेला निरोप. चार मिनिटं मीच बोलले. ते ऐकत होते आणि मधूनमधून नुसतं "हो" म्हणत होते. नंतर शब्दांकन करताना हे कापावं का, असा विचार केला. कापलं नाही. त्यानंतर ते जसे बोलले तसे आधी बोलले नव्हते.

त्या दिवशी ते दमले होते. दानपत्र माझ्या पिशवीत होतं. मी ते बाहेर काढलं नाही. शेजारीच तर राहतात, पुढच्या आठवड्यात घेऊ सही, असं म्हटलं.

ऑक्टोबर ते डिसेंबर बाकीच्या मुलाखती लागोपाठ झाल्या. सगळ्या सांगत नाही. एक बाई १९८१ मध्ये विद्यापीठाच्या बँडमध्ये होत्या. १ जानेवारी १९८२ च्या रोझ बोलमध्ये आयोवा वॉशिंग्टनकडून २८–० हरलं. त्या म्हणाल्या, शेवटपर्यंत वाजवत होतो, कारण आमचे आईवडील तेवीस वर्षं त्या सामन्याची वाट बघत बसले होते आणि त्यांना आम्ही थांबलेलं ऐकू जायला नको होतं. फ्राय तीनदा संघाला रोझ बोलला घेऊन गेले आणि तिन्ही वेळा हरले. हे बाहेरच्यांना अपयश वाटतं. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ते तसं मी एकदाही ऐकलं नाही.

दुसऱ्या एक बाई विद्यापीठाच्या रुग्णालयात नर्स होत्या. हे रुग्णालय किनिक स्टेडियमच्या समोरच आहे. १ नोव्हेंबर १९९१ ला विद्यापीठात गोळीबार झाला. पाच जण मारले गेले, एक विद्यार्थिनी कायमची अपंग झाली, मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. दुसऱ्या दिवशी ओहायो स्टेटशी त्यांच्या मैदानावर सामना होता. फ्राय यांचा संघ हेल्मेटवरची सगळी चिन्हं काढून, नुसत्या काळ्या हेल्मेटने उतरला आणि १६–९ ने जिंकला. बहुतेक चाहते हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात. या बाई म्हणाल्या, "ती काळी हेल्मेटं मला कळली. तो सामना खेळायलाच हवा होता का, हे मला अजून कळलेलं नाही." कोचवर त्यांचा जीव होता, तरी त्यांनी हे सांगितलं. मला ही मुलाखत फार मोलाची वाटते. दानपत्रात अट घालता येते हे त्यांच्यामुळे कळलं: त्यांच्या बोलण्यातला एक भाग २०३३ पर्यंत बंद राहील. तुम्ही कुणाची मुलाखत घेणार असाल तर ही सोय आधीच सांगा. माणूस मोकळा होतो.

फोनवरची एक मुलाखत डॅलसजवळच्या निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षकांची होती. फोनवर रेकॉर्ड करताना लक्षात ठेवा, आयोवात एका बाजूची संमती पुरते, पण शेजारच्या इलिनॉयसारख्या राज्यात सगळ्यांची लागते. मी सरसकट सुरुवातीलाच तारीख सांगून, रेकॉर्डिंग चालू आहे, हरकत नाही ना, असं विचारायचे आणि 'हो' रेकॉर्डवर घ्यायचे. या गुरुजींना आयोवाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांचे फ्राय म्हणजे १९६२ ते १९७२ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात कोच असलेले फ्राय, ज्यांनी जेरी लेव्हायसला आणलं. साउथवेस्ट कॉन्फरन्स या तिकडच्या विद्यापीठांच्या गटात शिष्यवृत्तीवर फुटबॉल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय खेळाडू घेता आला तरच ही नोकरी घेईन, अशी अट फ्राय यांनी घातली होती. १९६६ मध्ये त्या संघाने अठरा वर्षांनी विजेतेपद जिंकलं. लेव्हायसला मात्र धमक्या येत राहिल्या. "मी कॉटन बोल मैदानाच्या वरच्या रांगेत वडिलांच्या मांडीवर उभा राहून त्याला धावताना बघितलं," गुरुजी म्हणाले. "आयोवाचे लोक म्हणतात फ्राय आमचे. त्यांना म्हणावं, आधी आमचे होते."

९ जानेवारी २०२३ ला आजोबा झोपेतच गेले.

अंत्यविधीनंतर दोन आठवडे मला दानपत्राची आठवणच नव्हती. आठवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. सतरा आठवडे तो कागद माझ्या पिशवीत, घरापासून वीस पावलांवर. ग्रंथालयातल्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, हक्क आता वारसांकडे गेले. मृत्युपत्र होतं, पण त्यात असल्या गोष्टीचा उल्लेख नव्हता, म्हणून खबरदारी म्हणून आजी आणि तिन्ही मुलांच्या सह्या लागतील. आजी आणि दोन मुलींच्या सह्या मार्चपर्यंत आल्या. राहिला मधला मुलगा, ऑरेगनमध्ये. शेत गेल्यावर बाप-लेकात बिनसलं होतं, अठराव्या वर्षी तो घर सोडून गेला. अंत्यविधीला आला, मागे उभा राहिला, गेला. फेब्रुवारीतलं माझं पत्र जुन्या पत्त्यावरून परत आलं. जुलैत नव्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर नाही.

दरम्यान बाकीचं शब्दांकन चालू होतं. एकूण १९ तास ४० मिनिटांचा आवाज. सॉफ्टवेअर लिहून देतं, पण टेक्सासचे हेल आणि म्हाताऱ्या माणसांची तुटक वाक्यं त्याला झेपत नाहीत. तासाभराच्या आवाजाला मला सहा तास लागले, म्हणजे साधारण एकशे वीस तास. रात्री जेवणं उरकली की एक तास, असं करत गेले. एक नियम सांगते, तो मोडू नका: सांगणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायचं नाही. एक काका म्हणाले, एएनएफचं स्टिकर १९८१ मध्ये आलं. वर्ष चुकीचं आहे, पण मुलाखतीत मी काही बोलले नाही आणि लिहिताना त्यांचं वाक्य तसंच ठेवलं. खाली तळटीप दिली. माणूस काय सांगतो ते वर, आणि जे तपासून कळलं ते खाली.

ऑगस्ट २०२३ मध्ये एका मोठ्या संग्रहाकडे अर्ज केला. अकरा आठवड्यांनी दोन ओळींचा नकार आला: आम्ही खेळाडू आणि प्रशिक्षकांचं साहित्य घेतो, प्रेक्षकांचं नाही. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. बाराही जणांनी सुरुवातीला मला हेच सांगितलं होतं, की मी साधा बघणारा. आता कागदावर तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्या ग्रंथालयात गेले. बाई म्हणाल्या, इथेच द्या, गावाच्या इतिहासात प्रेक्षक येतातच. त्यांच्या अटी: प्रत्येक फाइलसोबत शब्दांकन, पाच-पाच मिनिटांची विषयसूची, एक माहितीपत्रक. लोकांनी दिलेली वर्तमानपत्रांची कात्रणं चालणार नाहीत, कारण फोटोंचा हक्क छापणाऱ्यांचा. घरी काढलेले फोटो चालतील. मुखपृष्ठावर मी ससाण्याचं चिन्ह टाकलं होतं, तेही काढलं, ते विद्यापीठाच्या नावे नोंदलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा फाइली जमा झाल्या. बाराव्या नंबरची जागा रिकामी.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये आजींना विचारून मी मुलाला नुसतं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. फॉर्मचं काही लिहिलं नाही. लिहिलं एवढंच, की तुमच्या वडिलांचा आवाज आहे, तुमच्याकडे असावा.

२९ एप्रिल २०२४ ला जाड पाकीट आलं. दानपत्र, निळ्या शाईत सही, साक्षीदाराची सही, तारीख, सगळं व्यवस्थित. सोबत वहीतून फाडलेला अर्धा कागद. "एकोणतिसाव्या मिनिटाला ते एकटेच होते म्हणतात. ते एकटे नव्हते. मी नऊ वर्षांचा होतो आणि पट्टा बसवताना बॅटरी मी धरली होती. ते कापू नका. पण हे कुठेतरी लिहा."

ग्रंथालयाला विचारलं. बाई म्हणाल्या, तळटीप म्हणून येईल, पण त्यालाही त्याची लेखी परवानगी हवी. पुन्हा फॉर्म, पुन्हा टपाल, पुन्हा सात आठवडे. मग नोंदणी, तपासणी, आणि ऑगस्टमध्ये पोच.

पोच आली त्या संध्याकाळी मी शब्दांकनाची प्रत घेऊन आजींकडे गेले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मशिनशेडचं पान मीच वाचलं, आणि मग खालची तळटीप. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो की," त्या म्हणाल्या. "दोघंही ओरडत स्वयंपाकघरात आले होते. कोपरापर्यंत हात काळे. पोराच्या हाताला बापाने साबण लावला आणि सिंकला ग्रीसचा जो डाग पडला, तो निघायला मला आठवडा लागला."